तुझ्या फटक्याचा दंड

मार्ता, आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. अक्षर तर आता आणखीच वाईट झालंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. प्लास्टर मागच्या आठवड्यात काढलं. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम देत जा. फुलं ओवायला जमत नाही, दोरा निसटतो. पेन कसंबसं धरता येतं, म्हणून लिहायला बसले. हे कोणाला दाखवायचं नाही. तू असतीस तर तुलाही दाखवलं नसतं. समोर बसून मला एवढं बोलताच आलं नसतं, तुला माहीत आहे.

पेपरात तुझं आलं होतं. अक्कांनी वाचून दाखवलं. पोलंड देशातली तरुणी, मराठी शिकायला नाशिकला आलेली, घाटात जीप उलटून मरण पावली. नावसुद्धा चुकवलं होतं. तू पालथ्या बादलीवर बसून जेवायचीस, नागलीची भाकरी दोन्ही हातांनी ओढून तोडायचीस, राग आला की आधी तुझी मान लाल व्हायची आणि मग कान, यातलं काहीच त्यात नव्हतं.

मी तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू अक्कांच्या बांधावर उभी होतीस आणि त्या तुला वरच्या खोलीचं भाडं सांगत होत्या. मखमलाबादच्या पुढे त्यांचं शेत, गुलाब आणि झेंडू. मी त्याआधी सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आले होते. हंगाम संपल्यावर आमची माणसं जीप भरून गावी गेली, मी गेले नाही. अक्कांनी विहिरीजवळची पत्र्याची खोली दिली. फुलं तोडायची, हार करायचे. गावी का जात नाहीस, असं त्यांनी कधी विचारलं नाही, कारण अंघोळीच्या वेळी त्यांनी माझी पाठ बघितली होती. तू मात्र दुसऱ्याच दिवशी विचारलंस. माझा डावा हात कोपरात वाकडा आहे, नवऱ्याने उंबऱ्यावर ठेवून मोडलेला. तू पुस्तकातल्या मराठीत म्हणालीस, "आपल्या हातास काय झाले आहे?" मी म्हटलं, पडले. तू थोडा वेळ हाताकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मीही लहानपणी पुष्कळ पडत असे." मला वाटलं, बर्फात पडत असेल बिचारी.

आठवडाभर तुझा क्लास असायचा. शनिवार-रविवार तू जीप, एसटी, काय मिळेल त्याने कुठेतरी निघून जायचीस, कारण सोमवारी बाईंना निबंध द्यायचा असायचा. रविवारी संध्याकाळी हाराच्या ढिगाशेजारी बसून तू तो मला वाचून दाखवायचीस. तुझे सगळे निबंध मारामारीचे. नामपूरच्या कांद्याच्या लिलावावर तू लिहिलं होतंस की लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आता रक्त सांडणार असे मला वाटले, परंतु नंतर त्यांनी एकत्र चहा घेतला. अक्का एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. माझ्या माहेरी तू एकटीच जाऊन आलीस. माझ्या भावाने तुझ्यासाठी कोंबडा कापला, आणि तो मान तुटल्यावर तुझ्या पायापर्यंत चालत आला, हे तू पानभर लिहिलंस. बाईंनी ते सगळं खोडलं आणि निसर्गाचं वर्णन लिहायला सांगितलं. तू फार चिडलीस. "ताई, निसर्ग नव्हता का तो? कोंबडा निसर्ग नाही?"

कळवणच्या बाजाराचा निबंध तू लिहिलाच नाहीस. त्या रविवारी तू आलीस ती फाटका कुडता आणि सुजलेला कान घेऊन. बाजारात मोबाइल चोरला म्हणून एका माणसाला लोक बडवत होते. तो खाली पडला तरी लाथा चालू होत्या. कोणीतरी वजनाचं माप हातात घेतलेलं तू पाहिलंस आणि जाऊन त्याच्या अंगावर आडवी पडलीस. लोक थांबेपर्यंत दोन-चार तुलाही बसल्या. अक्का तुझा कान शेकता शेकता तुला जाम बोलल्या. परक्या मुलखात येऊन कशाला मध्ये पडतेस, तुझ्या आईबापाला मी काय तोंड दाखवू, असं सगळं. तू दात दाखवत म्हणालीस, "मध्ये नाही पडले अक्का, वर पडले." अक्कांनी शेकायचं फडकं तुझ्या तोंडावर फेकलं.

मला मात्र त्या रात्री तुझी भीती वाटली. आमच्यात मारणारा असतो आणि मार खाणारा असतो. तू तिसरीच काहीतरी होतीस.

किसन, माझा नवरा, दर महिन्याला यायचा, माझ्या पगाराला. तू क्लासला असायचीस म्हणून तुला दिसला नव्हता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला तेव्हा तू सुट्टीवर, वरच्या खोलीत. अक्का झेंडू घेऊन बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, पैसे सणानंतर मिळतील. त्याने पोहऱ्याचा नाडा ओला केला. ओला केला की जास्त लागतो, हे तो दर वेळी मला सांगायचा, जसं काही मला माहीतच नाही. मी ओरडत नाही. ओरडलं की त्याला जोर चढतो. मी झेंडूच्या ढिगावर तोंड खुपसून पडले होते. नाडा पाठीवर पडायचा आणि फुलं उडायची, एवढाच आवाज. तो आवाज तू वर कसा ऐकलास ते मला कळलं नाही. नंतर तू सांगितलंस की तो आवाज तुला झोपेतही ओळखता येतो.

तू अनवाणी आलीस. हातात फावड्याचा दांडा होता. एकच फटका, डोक्याच्या मागे, आणि नारळ फुटल्यासारखा आवाज. किसन फुलांत बसला. झोपलेल्या माणसाला कोणी उठवलं की कसा दिसतो तसा दिसला. मग कानामागून रक्त आलं, मानेवरून शर्टात गेलं. तू दुसऱ्यांदा दांडा उचललास आणि मी तुझ्या पायांना मिठी मारली. तुझे पाय थरथरत नव्हते. मला वाटलं, ही आता याला संपवते.

मग मी जे केलं त्याबद्दल तू माझ्याशी आठ दिवस बोलली नाहीस. मी पाणी आणून त्याचं डोकं धुतलं, हळद दाबली, माझा पदर फाडून बांधला आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके पडले. तुला वाटलं, मी त्याची बाजू घेतली. तसं नव्हतं, मार्ता. तो मेला असता तर तुला जेलात टाकलं असतं. एवढं साधं होतं. पण खरं पूर्ण लिहायचं तर रक्त बघून मला त्याची कीवही आली होती, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम. हे तुला कसं सांगायचं ते मला समजेना, म्हणून मीही गप्प बसले.

आठ दिवसांनी तूच बादली घेऊन माझ्याजवळ येऊन बसलीस. सुई घेतलीस, शेवंती ओवायला लागलीस आणि मान वर न करता तुझ्या वडिलांचं सांगितलंस. ते आधी दाराला कडी लावायचे. मग घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. मग पट्टा. आई बाहेर उभी राहून कोबी चिरायची. तू म्हणालीस, "तिथल्या भाषेत मला सगळं ओरडून झालंय ताई. म्हणून मी लांबची भाषा घेतली. हिच्यात मला अजून कोणी शिवी दिली नव्हती." मग तू विचारलंस, तुझा नवरा त्या दिवशी रिक्षात बसताना जे बोलत होता ते माझ्या पुस्तकात नाही, अर्थ सांग.

मी सांगितला. एकेका शिवीचा. पंधरा वर्षं ऐकलेले ते शब्द मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलले. आधी हळू बोलले, मग जरा मोठ्याने. तू प्रत्येक शब्द परत म्हणून बघायचीस आणि तुझ्या तोंडात तो असा काही वाकडा व्हायचा की आपण हसून हसून शेवंतीवर आडव्या झालो. अक्का बाहेरून ओरडल्या, काय चाललंय पोरींनो, हार कोण करणार.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत चाललं.

आमच्यात मुलीच्या बापाला नवऱ्याकडचे देज देतात. पैसे, धान्य, एखादी शेळी, लुगडं. बाईला नवरा सोडायचा असेल तर ते देज पंचांसमोर परत करायचं, काडी मोडायची, आणि बाई मोकळी. ते परत होत नाही तोवर ती त्याची. माहेरी जेवायला बसली तरी भावाला दंड. म्हणून मी गावी जात नव्हते. भाऊ वाईट नाही, पण त्याच्याकडे परत द्यायला नव्हतं. मी अक्कांकडे थोडे थोडे ठेवत होते, किसनच्या हाती लागू नयेत म्हणून.

हे तुला सांगितल्यावर आधी तुझी मान लाल झाली आणि मग कान. तू शहरातली वकीलबाई शोधून आणलीस. म्हणालीस, कोर्टात जायचं, पोलिसांत जायचं, त्याला एक रुपया द्यायचा नाही. "पैसे परत दिलेस तर तू कबूल केलंस की तुला विकत घेतलं होतं. तू शेळी आहेस का?" मी म्हटलं, कोर्ट कागद देईल, पण माझ्या गावात कागद कोण विचारतो. तिथे विचारतात, देज फिटलं का. नाही फिटलं तर उद्या मी मेले की माहेरचं लुगडं माझ्या अंगावर कोण घालणार? तू म्हणालीस, मेल्यावर काय घातलंय ते बघायला तू असणार आहेस का? मी म्हटलं, नसेन, पण आत्ता आहे ना, आत्ता मला त्याचीच भीती वाटते.

तू हरली नाहीस, मीही नाही. पण पंचांची बैठक ठरली तेव्हा तू म्हणालीस, मीपण येणार. अक्कांनी दोघींना शेंगा भाजून दिल्या.

बैठक भावाच्या अंगणात, रविवारी दुपारी. किसन डोक्याला रुमाल बांधून बसला होता, जखम कधीच भरली होती तरी. तो एवढंच म्हणत होता, "माझं देज मोकळं कर, मंग जा कुठं जायचं तिथं. पन माझ्या डोक्याचंबी द्या." पंचांत मोठे पांडूबाबा. त्यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि निकाल दिला. देज शिमग्याच्या आत परत करायचं, आणि फटक्याचा दंड वेगळा. मारलं गोऱ्या बाईने, पण भांडण मंजुळाचं, म्हणजे माझं, म्हणून दंडही मंजुळानेच भरायचा.

तू उठलीस. बायका पंचांत उभ्या राहत नाहीत. मी तुझा कुडता ओढला, तू हात झटकलास. मला वाटलं होतं, तू तुझ्या पुस्तकातलं काहीतरी लांबलचक बोलशील. तू माझा वाकडा हात धरून सगळ्यांसमोर वर केलास आणि म्हणालीस, "याच्या डोक्याचा दंड सांगितला. हिच्या हाडांचा किती?"

पांडूबाबांनी चिलीम खाली ठेवली. ते म्हणाले, "पोरी, बायकोच्या हाडाचा दर आमच्यात कोनी लावलाच नाय." ते रागाने म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच ध्यानात आल्यासारखं म्हणाले. पण निकाल तोच राहिला.

परतीच्या जीपमध्ये आपण परत भांडलो. तू म्हणालीस, देज देतेस तर दे, तुझी मर्जी, पण दंड द्यायचा नाही. तो फटका माझा आहे, त्याचे पैसे झाले तर मी येऊन त्याला फुकटात आणखी एक घालीन. मी म्हटलं, दोन्ही देणार. शेजारच्या म्हातारीने विचारलं, ही गोरी तुला का रागवतेय. मग घाटाच्या अलीकडे तीच म्हातारी दाराशी दबून कण्हायला लागली, तू तुझी जागा तिला दिलीस आणि मागच्या पायरीवर बाकीच्यांबरोबर लटकलीस. तुला ते आवडायचंच. थोड्या वेळाने ताडपत्रीतून डोकं आत घालून म्हणालीस, "शेंगा संपवू नकोस." तेच तुझं शेवटचं बोलणं. मी संपवत होते.

वळणावर जीप आधी बाहेर झुकली. मग टपावरचे खोके गेले, मग आम्ही. किती वेळा पालटलो माहीत नाही. लोखंडावर डोकी आपटत होती, कोणाचा तरी गुडघा माझ्या तोंडात आला, माझा हात सीटच्या दांड्यात अडकला आणि अंग पुढे गेलं. थांबल्यावर मी खिडकीतून सरपटत बाहेर आले. सगळा उतार लाल होता. टपावर स्ट्रॉबेरी होती, तिचा चिखल झाला होता, माणसांच्या अंगावर, केसांत, दगडांवर. रक्त कुठलं आणि फळ कुठलं ते ओळखू येईना. एका माणसाने रुमालाने माझं तोंड पुसलं आणि म्हणाला, काही नाही ताई, फळच आहे. मग त्याच रुमालाने तो तुझं तोंड पुसायला गेला. तू मागच्या चाकाखाली होतीस, छातीपर्यंत. त्याने पुसलं, परत पुसलं, मग रुमाल तसाच तोंडावर ठेवला. मी तो काढला. तुझे डोळे उघडे होते आणि मान लालच होती. पाच-सहा जणांनी जीप उचलली तेव्हा तुझ्या आतून जो आवाज आला तो मी इथे लिहीत नाही. म्हातारी वाचली. तिला नुसतं खरचटलं होतं. तिने तुझ्या पायाला हात लावला आणि मोठ्याने रडायला लागली. मला त्या वेळी तिचा राग आला, अजूनही अधूनमधून येतो.

तुझे वडील आले. उंच, पांढरे केस, कोट हातावर. मनगटावर घड्याळ होतं. मी त्या घड्याळाकडेच बघत राहिले. ते लहान पोरासारखे रडत होते, भिंतीला धरून. तुझ्या क्लासच्या बाईंनी मला ओळख करून दिली, तुमच्या मुलीची मैत्रीण. त्यांनी हात पुढे केला. मी दिला नाही. माझा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यांना वाटलं असेल त्यामुळे दिला नाही. बाईंनी त्यांचा प्रश्न मला सांगितला, मुलगी माझ्याबद्दल काही बोलायची का? तुझा ओला आवाज माझ्या कानात होता, शेवंती ओवतानाचा. मी म्हटलं, हो. ते पुढचं ऐकायला थांबले. मी पुढे काही बोलले नाही. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

अक्कांनी तुझ्यासाठी नवं हिरवं लुगडं आणलं होतं. माहेरचं म्हणून. हॉस्पिटलचा माणूस पेटीत ठेवू देईना, नियम नाही म्हणाला. तुझ्या वडिलांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण त्यांनी त्या माणसाला छातीला धरून असं बाजूला ढकललं की तो कपाटावर आदळला. आणि मग लुगड्याची घडी स्वतः तुझ्या अंगावर ठेवली. तेच हात. मला त्यांचा तिरस्कार करायचा होता आणि त्या घटकेला करता आला नाही. तू असतीस तर पुन्हा आठ दिवस बोलली नसतीस.

काल मी पंचांकडे गेले, एकटी, त्याच घाटाने. वळणावर डोळे मिटले नाहीत. अक्कांकडचे साठवलेले पैसे देजाला पुरत होते. दंडासाठी मी आईचे चांदीचे वाळे मोडले. अंगणात किसन होता, पंच होते, भाऊ होता. पांडूबाबा मला बघून जरा खाली बघत म्हणाले, "मंजुळा, देज दे. दंडाचं ऱ्हाऊ दे. मारनारी गेली, मेल्या मानसाचा दंड पंच घेत नाय." किसन लगेच कुरकुरला की टाके त्याला पडले होते. भाऊ मला खुणेने सांगत होता, गप्प बस, सुटलीस.

मी आजवर पंचांत बोलले नव्हते. मी उभी राहिले. पाय कापत होते, तुझे कापले नव्हते. मी म्हटलं, "दंड मी देणार. फटका पुरता बसला होता. पैसेबी पुरते घ्या."

तू चिडली असतीस, मला माहीत आहे. म्हणाली असतीस, ताई, तुला काहीच कळलं नाही. असेल. देजाबद्दल तू बरोबर होतीस की मी, ते मला अजून सांगता येत नाही. माझ्यासाठी माझ्या बापाने जे घेतलं ते मला न विचारता घेतलं, ते परत करताना मला काही वाटलं नाही, नुसतं ओझं उतरलं. पण दंडाचं वेगळं होतं. आयुष्यात माझ्या बाजूने एकच फटका पडला, मार्ता. तो मला फुकटात किंवा दयेने नको होता. पांडूबाबांनी सोडून दिला असता तर तो पडलाच नाही असं झालं असतं.

त्यांनी काडी आणली. एक टोक किसनच्या हातात, एक माझ्या. माझी दोन बोटं वळेनात, म्हणून मी ती डाव्या हातात धरली, त्याने मोडलेल्या. काडी मोडली. मग पैसे मोजायला घेतले, आधी देज, मग दंड. किसनने दंडाच्या नोटा उजेडाकडे धरून बघितल्या. पांडूबाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, देज फिटलं, दंड फिटला, हिच्याकडे कोणाचं काही राहिलं नाही.